वाहकाचा धर्म आणि श्रोत्याचा धर्म

शब्द उच्चारला गेला, वायूने तो वाहून नेला, श्रोत्याच्या कानी तो यथास्थित पोहोचला, आणि इतके सर्व घडूनही श्रोत्याला काही उमगले नाही, तर न्यून नेमके कोणाच्या ठायी राहिले, या प्रश्नाचा आपल्या नैयायिकांनी, मीमांसकांनी आणि वैयाकरणांनी जो प्रदीर्घ खल केला, तो केवळ पंडितसभेतील वाग्विलास होता असे ज्याला वाटत असेल, त्याने बेळगावच्या दक्षिणेस उद्यमबाग या उद्योगवसाहतीला लागून वसलेल्या आमच्या अनगोळात काही काळ राहून पाहावे. येथे घरात मराठी, कचेरीत कन्नड, कारखान्याच्या कागदपत्रांत इंग्रजी आणि बाजारात तिन्ही, अशी वाणीची अदलाबदल नित्य चालते. वाक्याचा पूर्वार्ध एका भाषेत आणि उत्तरार्ध दुसरीत बोलणारी माणसे येथे पावलोपावली भेटतात. आणि म्हणूनच शब्द पोहोचणे व अर्थ पोहोचणे या दोन भिन्न घटना आहेत, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

हाच प्रश्न आमच्या काळात संगणकजालाच्या शास्त्राने, स्वतःला तत्त्वज्ञान म्हणवून न घेता, पुन्हा उपस्थित केला आहे, आणि माझ्या मते त्याचे बऱ्याच अंशी समाधानकारक उत्तरही दिले आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावीच असल्यामुळे, आणि १९७९ पासून चालत आलेले गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय तर उद्यमबागेतच असल्यामुळे, या शास्त्राची परिभाषा आमच्या गल्लीबोळांतून ऐकू येते. जालाचे सात स्तर मुखोद्गत असलेली मुले येथे पुष्कळ आहेत. परंतु त्या सातांत सर्वांत वर असलेला जो ॲप्लिकेशन लेयर, ज्याला आपण अनुप्रयोग-स्तर म्हणू, त्याच्या ठायी धर्मविचाराचा केवढा ऐवज दडलेला आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली जो आदर्श प्रसिद्ध केला, त्यात संदेशवहनाचे कार्य सात स्तरांत वाटलेले आहे. सर्वांत खाली विजेचे वा प्रकाशाचे स्पंदन वाहणारा भौतिक स्तर. त्यावर दोन लगतच्या यंत्रांना जोडणारा दुवा-स्तर. त्यावर एका जालातून दुसऱ्या जालात मार्ग काढणारा जाल-स्तर. त्यावर तुकडे क्रमाने व शाबूत पोहोचतील अशी तजवीज करणारा परिवहन-स्तर. मग सत्र आणि सादरीकरण यांचे दोन स्तर. आणि शेवटी अनुप्रयोग-स्तर. प्रत्यक्षात जे जाल जगभर पसरले त्याच्या १९८९ च्या नियमावलीने हे सात चारांवर आणले आणि वरच्या तिन्ही स्तरांचे काम एकट्या अनुप्रयोग-स्तराच्या माथी ठेवले. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून निघालेला सुटा भाग जसा कागदात गुंडाळला जाऊन खोक्यात, खोके पेटीत आणि पेटी बिल्टीसह ट्रकमध्ये चढते, आणि हमालाला पेटीपुरते, ट्रकवाल्याला बिल्टीवरच्या पत्त्यापुरते कळले तरी पुरते, भागाचा उपयोग मात्र पलीकडच्या कारखान्यातला फिटरच जाणतो, तसाच हा व्यवहार आहे. वाटेवरचा राउटर पत्ता वाचतो आणि पॅकेट, म्हणजे मजकुराचा तो तुकडा, पुढे सोडतो. पॅकेटाच्या उदरात प्रेमपत्र आहे, बँकेचा हुकूम आहे की मृत्यूची वार्ता आहे, याची त्याला जाणीव नसते आणि असू नये.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. हातातल्या दूरध्वनीवर जी चित्रे आपण बोटाने उघडतो ती ॲप्स म्हणजे अनुप्रयोग-स्तर नव्हे. ती ॲप्स ज्या मर्यादेत राहून एकमेकांशी बोलतात, कोणी प्रथम बोलावे, काय मागावे, मागणीचे उत्तर कोणत्या रूपात द्यावे, नकार कसा कळवावा, याविषयीचे जे पूर्वनिश्चित संकेत, ते या स्तराचे खरे स्वरूप. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला पत्रप्रेषणाचा संकेत, १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी रचलेली नामव्यवस्था, आणि जिनिव्हानजीकच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेला, जालावरील पाने मागण्याचा एचटीटीपी हा संकेत, हे तिन्ही याच स्तरावरचे. त्यांपैकी शेवटच्याचे १९९१ मधील आद्य रूप तर एकाच क्रियापदावर उभे होते, गेट, म्हणजे ‘दे’. वाक्याचा प्राण क्रियापदात असतो आणि वेदाचे सार विधीत असते असे मानणाऱ्या मीमांसकाला ही रचना पाहून परकेपणा वाटला नसता, असे मला मनापासून वाटते; इतकेच नव्हे, तर या जालाच्या नियमग्रंथांत ‘केलेच पाहिजे’, ‘करता कामा नये’ आणि ‘करणे इष्ट’ या शब्दप्रयोगांचा बलाबलविचार १९९७ साली एका स्वतंत्र लेखाने निश्चित केला गेला, हे कळल्यावर विधी आणि निषेध यांच्या तारतम्यावर आयुष्य वेचणाऱ्या त्या परंपरेशी या नव्या शास्त्राचे काही गोत्र जुळते की काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हे साम्य वरवरचे नाही. नैयायिक अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्यार्थज्ञानाची तीन कारणे सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. ‘गाय, घोडा, पुरुष, हत्ती’ अशी नुसती पदे उच्चारली तर त्यांना परस्परांची अपेक्षा नसल्यामुळे वाक्य होत नाही. ‘अग्नीने शिंपावे’ असे म्हटले तर पदांत अपेक्षा असूनही अर्थांत योग्यता नसते. आणि एकेक पद प्रहरा-प्रहराच्या अंतराने उच्चारले तर सान्निध्याच्या अभावी बोध होत नाही. आता एचटीटीपी बोलणारा सर्व्हर एखादी मागणी कोणकोणत्या कारणांनी परत करतो ते पाहावे. मागणीत ज्या यजमानाचे नाव अवश्य असले पाहिजे ते नसेल, म्हणजे वाक्य अपेक्षित पदावाचून अपुरे राहिले असेल, तर तो ४०० हा अंक परत पाठवितो. मागितलेली क्रिया त्या वस्तूच्या ठायी संभवतच नसेल तर ४०५. आणि मागणीचे तुकडे इतक्या विलंबाने येत असतील की वाट पाहणे व्यर्थ ठरावे, तर ४०८. ज्यांनी हे अंक ठरविले त्यांनी अन्नंभट्ट वाचले असण्याचा संभव नाही. परंतु अर्थबोधाच्या अटी मानवी बुद्धीला जिथे जिथे शोधाव्या लागल्या तिथे तिथे त्या अशाच सापडल्या, ही गोष्ट मला आश्वासक वाटते.

याच उत्साहाच्या भरात तैत्तिरीय उपनिषदातील पाच कोश आणि जालाचे स्तर यांची जोडी लावण्याचा मोह अनेकांना होतो. अन्नमय म्हणजे तार, प्राणमय म्हणजे प्रवाह, आणि आनंदमय म्हणजे अर्थातच सर्वांत वरचा स्तर. ही जोडी मला मान्य नाही. कोशांचा विचार साधकाला एकामागून एक आवरण ओलांडून आत नेण्यासाठी आहे, आणि जो कोश ओलांडला तो अंतिम सत्य नव्हता हे त्याला कळावे यासाठी आहे. जालात मात्र एकही स्तर ओलांडून टाकून देता येत नाही, सर्वांत खालची तार तुटली की सर्वांत वरचा अर्थही लोपतो. तरीही या मोहातून एक वस्तुस्थिती हाती लागते. आकृतीत जो स्तर सर्वांच्या शिरोभागी दाखविला जातो, त्याचाच मजकूर प्रत्यक्ष पॅकेटात सर्वांच्या गर्भस्थानी असतो. प्रत्येक खालचा स्तर आपले वेष्टन बाहेरून चढवितो आणि पलीकडे ते बाहेरूनच उतरविले जाते. जे उच्चतम तेच अंतरतम, असा हा योग आहे, आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायातील ऊर्ध्वमूल अश्वत्थाचे चिंतन ज्याने केले आहे त्याला तो विलक्षण वाटणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्थ जर गर्भात आहे, तर त्याच्या रक्षणाचे उत्तरदायित्व कोणाचे? या जालाच्या आद्य रूपावरील पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द टंकित व्हावयाचा होता. एल पोहोचला, ओ पोहोचला, आणि पलीकडचा संगणक कोसळला. वाहकाने आपले काम चोख केले होते. न्यून राहिले ते टोकाशी. याच्या उलट प्रकार जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात नोंदविला आहे. एमआयटी येथे अनेक स्थानिक जाले एकमेकांना जोडलेली होती, आणि प्रत्येक दुव्यावर मजकूर शाबूत आहे की नाही याची तपासणी होत असे. त्या तपासणीवर भिस्त ठेवून कार्यक्रम लिहिणारे निश्चिंत होते. परंतु मधल्या एका यंत्रात मजकूर एका कप्प्यातून दुसऱ्यात उतरविताना, सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा, दोन बाइटांची अदलाबदल होऊ लागली. दुव्यावर तपासणी होती, यंत्राच्या पोटात नव्हती. त्यामुळे प्रत्येक पहारेकरी ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा देत राहिला आणि एका कार्यप्रणालीचा मूळ मजकूर नासत गेला. अखेरीस जुन्या छापील प्रतींशी ओळीन् ओळ ताडून तो हाताने दुरुस्त करावा लागला. त्या तिघांचा निष्कर्ष असा की, ज्या गोष्टीची पूर्ण पारख केवळ टोकाच्या अनुप्रयोगालाच करता येते, तिचा भार मधल्या वाहकावर टाकून ती सिद्धीस जात नाही; वाहक साहाय्य करू शकेल, परंतु शेवटची रुजवात टोकानेच घातली पाहिजे.

या निष्कर्षाला मी धर्मशास्त्रीय महत्त्व देतो. समदृष्टी हा वाहकाचा स्वधर्म आहे: त्याने राजाचे आणि रंकाचे, मराठीचे आणि कन्नडचे पॅकेट सारख्याच निष्ठेने पुढे न्यावे, आत डोकावू नये, निवड करू नये, फळाची अपेक्षा ठेवू नये. परंतु तीच अलिप्तता टोकाने पत्करली, मी केवळ घेतले आणि केवळ दिले, समजून घेणे माझ्याकडे नाही असे ते म्हणू लागले, तर वाहकाच्या ठायी जे पुण्य तेच त्याच्या ठायी पातक होते. श्रोत्याचा धर्म विवेकाचा आहे. गीतेने परधर्माला भयावह म्हटले ते का, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अन्यत्र आढळले नाही.

कामाची वाटणी आणि स्वधर्म हे शब्द एकत्र आले की आपल्या समाजाच्या इतिहासाचे स्मरण होऊन मनात एक शंका उभी राहते, आणि ती राहावी हेच योग्य. खालचा स्तर आणि वरचा स्तर या भाषेत उच्चनीचतेचे विष मिसळावयास वेळ लागत नाही. परंतु जालातील विभागणी जन्माची नाही, कार्याची आहे. टोकाच्या प्रत्येक यंत्रात, मग ते मंत्रालयातले असो की वीटभट्टीवरच्या मजुराच्या खिशातले, सर्वच्या सर्व स्तर नांदत असतात, आणि तेच यंत्र एका क्षणी वाहते आणि पुढच्या क्षणी समजून घेते. ज्या भूमीत बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कायकाला, म्हणजे श्रमाला, पूजेची प्रतिष्ठा दिली, त्या भूमीतील माणसाला हा भेद सहज कळावा.

वाहकाच्या समदृष्टीचा आमच्या गावापुरता एक दाखला असा आहे की, तो प्रथम पडताळून पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्यावरच विचार करीत राहिलो. संगणकाच्या युनिकोड या लिपिकोशात प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. ‘अनगोळ’ हे नाव देवनागरीत लिहिले तर त्यात अ, न, ग, ओकाराची मात्रा आणि ळ अशी पाच चिन्हे येतात, आणि कन्नड लिपीत लिहिले तरी हीच पाच. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली कायम केलेल्या ‘इस्की’ या कोष्टकाने ब्राह्मीकुलातील प्रमुख भारतीय लिप्यांना एकाच वर्णक्रमात बसविले होते, आणि युनिकोडने तीच मांडणी पुढे चालविली. त्यामुळे पाचही चिन्हांचा कन्नड क्रमांक देवनागरी क्रमांकाहून नेमका ८९६ ने अधिक आहे, एकाचाही अपवाद नाही. दोन्ही लिप्यांत हे नाव तारेवरून जाताना १५ बाइट व्यापते. ज्या मुलखात पाट्यांवरील अक्षरांसाठी माणसांनी लाठ्या झेलल्या, तेथल्या या नावाच्या दोन रूपांत वाहकाच्या दृष्टीने वजनाचा भेद नाही, आणि अंतर आहे ते एका बेरजेचे.

मात्र युनिकोडचा हा कोश सर्वमान्य होण्यापूर्वीची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, ते टोकाच्या धर्माचे मोल अधिक जाणतील. त्या वेळी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा निरनिराळ्या टंकांत लिहिला जाई, कन्नडमध्ये नुडी व बरह होते, आणि प्रत्येकाची क्रमांकयोजना स्वतंत्र होती. निपाणीहून पाठविलेला मजकूर बेळगावच्या छापखान्यात एकही बाइट न गमावता उतरे, आणि तोच टंक तेथे नसला तर पडद्यावर अर्थहीन रोमन चिन्हांची रास दिसे. वाहकावर दोष ठेवावयास तिळमात्र जागा नव्हती. दोन टोकांमध्ये संकेतच ठरलेला नव्हता. अर्थ शब्दाच्या ठायी नित्य वसतो की संकेताने येतो, या मीमांसक आणि नैयायिक यांच्या जुन्या वादात, निदान या जालापुरता तरी, निर्णय मला नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागतो.

आणि आता या लेखाचे जे खरे प्रयोजन, तेथे मी येतो. एचटीटीपीच्या मागणीत ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ नावाची एक ओळ असते. वाचणारा त्या ओळीत सांगतो की मला प्रथम मराठी द्या, ती नसल्यास कन्नड, तीही नसल्यास इंग्रजी. इतकेच काय, प्रत्येक भाषेपुढे शून्य ते एक यांमधला अंक घालून आपली पसंती किती तीव्र आहे हेही त्याला कळविता येते. ही ओळ तारेला दिसत नाही, राउटरला दिसत नाही. ती फक्त अनुप्रयोग-स्तरावर वाचली जाते. जालाच्या संपूर्ण रचनेत माणूस आपली मातृभाषा कळवू शकेल अशी ही एक विनम्र जागा आहे, आणि तिच्याशी कसे वागावे हे सर्व्हरच्या सद्बुद्धीवर सोडलेले आहे: त्या भाषेत देण्यासारखे नसेल तर त्याने ४०६ हा अंक पाठवून तसे कळवावे, किंवा ओळ बाजूस ठेवून आहे ते द्यावे, दोन्ही नियमात बसते.

ती जागा आमच्याकडे का मोलाची, हे इतिहासावरून कळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तो महाराष्ट्रात असावा की तेथेच, या सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि राज्याने आपली राजभाषा आपल्या दप्तरात चालवावी याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेने या शतकाच्या आरंभी सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले, हे मोठेच कार्य, ते पाहता निपाणीच्या मराठी शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कन्नड उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो आणि जवळच्याच, पण महाराष्ट्रातल्या कागलचा शेतकरी आपला सातबारा स्वतः वाचतो, हा भेद तारेने निर्माण केलेला नाही, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. मांडण्याचा हक्क वाणीला मिळाला; ऐकून घेण्याची सोय कोणी करावयाची? कागदाच्या युगात दोन भाषांत दप्तर ठेवणे खर्चाचे होते, हे कारण पटण्यासारखे होते. आज अक्षरांतले अंतर एका बेरजेचे असताना ते तितकेसे पटत नाही. अर्थात शब्दांचे आणि कायद्याच्या परिभाषेचे भाषांतर बेरजेने होत नाही, तेथे जाणत्या माणसाचे श्रम लागतात, परंतु ते श्रम एकदाच करावयाचे असतात आणि त्यांचा उपयोग पिढ्यान् पिढ्या होतो.

‘आम्ही केवळ माध्यम आहोत’ हे वाक्य आज ज्यांच्या मुखी सर्वाधिक ऐकू येते, ते बहुधा वाहक नसतात. मोठमोठ्या सेवा चालविणारे, कोणाला काय दिसावे हे ठरविणारे, म्हणजे याच वरच्या स्तरावर बसलेले ते असतात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम मध्यस्थाला जे संरक्षण देते, त्यातील एक अट अशी की त्याने संदेश स्वतः सुरू केलेला नसावा, तो कोणाला जावा हे निवडलेले नसावे, आणि मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा. वाहकाच्या धर्माची याहून नेटकी व्याख्या मला करता येणार नाही. ज्याने निवड केली त्याने वाहकपण सोडले, आणि त्याबरोबरच वाहकाची निर्दोषताही.

पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास एक सूत्र सांगितले होते: पाठविताना काटेकोर असावे, स्वीकारताना उदार असावे. गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाङ्मय तपाशी हे सूत्र किती जवळ आहे! पुढे २०२३ साली जालाच्या नियमकर्त्यांनीच त्याला मर्यादा घातली. स्वीकारणारा अतिउदार झाला तर पाठविणाऱ्याच्या चुका रूढ होऊन बसतात, असा त्यांचा अनुभव. तो मी मान्य करतो, तथापि व्याकरणातील औदार्य आवरावे म्हणून माणसाविषयीचे औदार्यही आवरावे असा त्याचा अर्थ होत नाही.

अनगोळ, टिळकवाडी, उद्यमबाग या परिसरात आज जी मुले हे शास्त्र शिकत आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या हातून उद्या एखाद्या कचेरीचे, पतपेढीचे वा इस्पितळाचे काम संगणकावर चढेल. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी मागणीतली भाषेची ती एक ओळ वाचावी, आपल्या वरिष्ठांनाही ती दाखवावी, आणि मराठी मागणाऱ्याला मराठी व कन्नड मागणाऱ्याला कन्नड मिळेल अशी तजवीज आपल्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी करून ठेवावी.